दोन ढीग, चोवीस चिठ्ठ्या

५ जानेवारी

चि. मास्तरास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन महिना झाला, उत्तराला आज मुहूर्त लागतोय. रागवायचं असेल तर रागव, पण आधी पुढचं वाच. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या दोन गाड्यांपैकी जुनी गाडी इन्स्पेक्टरने बाद केली. दुसरी घेणं या वर्षी काही जमायचं नाही. म्हणजे गाडी एक आणि शिकवणारे दोन. एकाला नारळ द्यावा लागणार.

दोघेही तुला माहीत आहेत. एक आपला आतेभाऊ, गोगलगाय. दुसरा फौजी, जो सैन्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे आला. हे म्हणतात, तुझं स्कूल, तू ठरव. आता गोगलगायीला ठेवलं तर नात्यातला म्हणून ठेवला असं चारचौघांत होणार, आणि काढलं तर आत्याला कुठलं तोंड दाखवू? इकडे आड, तिकडे विहीर. मग मला तुझी आठवण झाली. वर्षानुवर्षं कॉलेजात संख्याशास्त्राचं दळण दळतोस, एकदा घरच्यांसाठीही दळ. आकड्यांनी ठरलं की माझ्यावर खापर नको.

लायसन्सच्या परीक्षेत कुणाचा विद्यार्थी कितव्या खेपेला पास झाला, ते गेल्या वर्षीचं लिहिते. दोघांकडे प्रत्येकी बारा जण पास झाले. गोगलगायीचे: २, ३, १, ४, २, ३, ५, २, ३, ११, २, ४. फौजीचे: १, १, २, १, १, २, १, ३, १, २, १, २. नावं लिहिली नाहीत, पण त्यातला पाच कोणाचा हे तुला सांगायला नको. सुट्टीत येऊन पाचव्या खेपेला पास झालेला प्रोफेसर आमच्या वहीत एकच आहे.

जुळ्या मुली मजेत आहेत, सासूबाईंचे गुडघे तसेच. वहिनीला सांग, तिच्यासाठी लोकर घेऊन ठेवली आहे. लोभ आहे म्हणूनच हे ओझं तुझ्या गळ्यात घालते आहे, तो असाच राहू दे.

तुझी ताई

१२ जानेवारी

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी खुर्चीत दोन बोटं उंच झालो. इतकी वर्षं तुम्ही सगळे मला विचारत होता की या विषयाचा घरात उपयोग काय. आता ऐक.

आधी सरासरी. बेरीज करून बाराने भागलं तर गोगलगायीची साडेतीन खेपा, फौजीची दीड. पण सरासरीवर लगेच भाळू नकोस. तुझ्या घरातल्या पाच जणांचं सरासरी वय मी काढलं, ते एकोणचाळीस येतं. आता एकोणचाळीस वर्षांचं तुझ्या घरात कोण आहे ते शोध. सासूबाईंनी एका बाजूने ओढलं, जुळ्यांनी दुसऱ्या बाजूने, आणि सरासरी मध्येच कुठेतरी जाऊन उभी राहिली. इथेही तसंच आहे. ते अकरा खेपा घालणारे गृहस्थ एकटेच सगळ्यांची सरासरी वर ओढताहेत. म्हणून सगळे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडायचे आणि मधला पाहायचा. गोगलगायीचा मधला तीन, फौजीचा एक. म्हणजे अकरावाल्यांना वगळूनही फरक राहतोच.

पण फरक दिसला म्हणून तो खरा, असंही नाही. बारा-बारा माणसांत नुसत्या नशिबानेही इकडचं तिकडे होतं. नशीब किती करू शकतं ते आता मोजायचं. चोवीस चिठ्ठ्या कर, प्रत्येकीवर एकेक आकडा. धरून चाल की दोघेही शिक्षक अगदी सारखे आहेत, कोण कोणाच्या गाडीत बसलं याने काही बिघडत नाही. मग चिठ्ठ्या पिस, न बघता बारा-बाराचे दोन ढीग कर, दोन्हींच्या सरासऱ्या काढ. पुन्हा पिस, पुन्हा काढ. शंभर वेळा. त्यातल्या किती वेळा दोन खेपांचा किंवा त्याहून मोठा फरक आपोआप पडतो ते पाहा. वरचेवर पडला तर समज, हा नशिबाचा खेळ आहे, शिक्षकांना बोल लावू नको. क्वचितच पडला तर नशिबाकडे बोट दाखवता येणार नाही. अशा फरकाला आम्ही लक्षणीय म्हणतो. लक्षणीय म्हणजे मोठा नव्हे हं, नुसता योगायोगावर ढकलता न येणारा.

जुळ्यांना कामाला लाव, गणित सुधारेल. मीही इकडे करून पाहतो. माझ्या पाच खेपांची आठवण काढायची गरज नव्हती. तरी लोभ कायम आहे, तुझाही असावा.

तुझा मास्तर

२० जानेवारी

चि. मास्तरास अ. उ. आ.

तुझ्या चिठ्ठ्यांनी घराची पार दैना केली. जेवणाच्या टेबलावर आम्ही चौघं बसलो. मुली डोळे बांधून ढीग करायच्या, हे बेरजा करायचे, मी लिहून घ्यायची. सासूबाईंनी दुरून विचारलं की हा कसला जुगार चाललाय. शंभर पुरे होईतो रविवार गेला. शंभरात एकदाही दोन खेपांचा फरक पडला नाही. एकदा जवळ आला होता, तेव्हा मुलींनी उगीचच टाळ्या वाजवल्या.

म्हणजे तू म्हणतोस तसं, नशीब नव्हे. मला वाटलं होतं हायसं वाटेल, पण नाही वाटलं. पक्कं काय ते तू एकदा लिहून पाठव. तुझ्या हातचं असलं की मला बळ येईल. वहिनीला आशीर्वाद, माया आहेच.

ताई

२५ जानेवारी, पोस्टकार्ड

ती. ताईस सा. न.

मी कॉम्प्युटरवर हजारो वेळा पिसून पाहिलं. हजारात चार-पाच वेळाच एवढा फरक आपोआप पडतो. फरक लक्षणीय आहे, वादाला जागा नाही. आता डोळे मिटून निर्णय घे. नातं मध्ये आणू नकोस, आकड्यांना नाती नसतात. घाईत आहे, पेपर तपासायचे आहेत. प्रेम असू द्यावे.

मास्तर

१८ फेब्रुवारी

चि. मास्तरास अ. उ. आ.

सांगितलं एकदाचं. त्याला ऑफिसात बोलावलं, तुझं कार्ड पुढे ठेवलं. स्वतः सांगण्याऐवजी तेच वाचायला दिलं. त्याने दोनदा वाचलं. मग एवढंच विचारलं की मास्तरने स्वतः केलंय का हे. मी हो म्हटलं. मग बरोबरच असणार म्हणाला, आणि खाली जाऊन गाडीच्या काचा पुसून किल्ली आणून दिली. हे म्हणाले, गोगलगाय नि पोटात पाय, बघ आता आत्याकडे जाऊन काड्या घालेल. तसलं काही त्याने केलं नाही. आत्याला त्याने सांगितलं म्हणे की, मीच कंटाळलो होतो. हे ऐकल्यापासून मला घास गोड लागत नाही.

आणि इकडे सगळं रुळावर येईल म्हणावं तर तेही नाही. फौजी वाईट नाही, पण त्याचा आवाज पडला परेडचा. शिवणाचं दुकान असलेल्या एक बाई आहेत, नवऱ्याला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यायचं असतं म्हणून शिकताहेत. मागून हॉर्न वाजला की त्या स्टेअरिंग सोडून कानांवर हात ठेवतात. फौजीबरोबर दोन दिवस बसल्या आणि तिसऱ्या दिवसापासून आल्याच नाहीत. आणखी दोघांनी नाव काढून घेतलं. आता याला मी तरी काय करू? इतकी वर्षं असली रडणारी, थरथरणारी माणसं मी डोळे झाकून गोगलगायीच्या गाडीत बसवत आले. धीट असली की फौजीकडे. आता फौजीला सगळ्यांनाच घ्यावं लागतंय, तर त्याला सवय व्हायला वेळ लागणारच.

तुझं बरोबर होतं हे मला कळतं. तरी तुझं कार्ड मी कपाटात आत सरकवून ठेवलं आहे, समोर दिसलं की जीव घाबरा होतो. माया पातळ होऊ देऊ नको.

ताई

२३ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी स्टाफरूममध्ये उघडलं आणि तास सोडून घरी आलो. तू ज्या दोन ओळी सहज लिहून गेलीस, त्या मला तू आधी लिहायला हव्या होत्यास. नाही, चुकलो. त्या मी आधी विचारायला हव्या होत्या. तुझा यात काही दोष नाही.

चिठ्ठ्या पिसताना आपण काय धरून चाललो होतो? की कुठलीही चिठ्ठी कुठल्याही ढिगात पडू शकली असती. पण तू माणसं पिसून वाटलीच नव्हतीस. भित्री सगळी त्याच्याकडे, धीट सगळी फौजीकडे. शंभर वेळा पिसून एवढंच कळलं की हे दोन ढीग नशिबाने वेगळे पडलेले नाहीत. ते कोणी वेगळे केले हे पिसण्याला कसं कळणार? ते तू केले होतेस, आणि चांगल्या मनाने केले होतेस, कारण घाबरलेल्या माणसाला तोच सांभाळू शकतो हे तुला ठाऊक होतं. म्हणजे त्याच्या ज्या गुणासाठी तू त्याला अवघड माणसं दिलीस, त्याच गुणाची मी त्याला शिक्षा दिली.

सगळ्यात निष्णात डॉक्टरकडे सगळ्यात आजारी माणसं जातात, म्हणून त्याच्या हाताखाली जास्त दगावतात. म्हणून काही तो डॉक्टर वाईट ठरत नाही. हे मी दर वर्षी पहिल्या आठवड्यात शिकवतो. कोणतेही दोन गट पाहिले की आधी विचारा, गट पाडले कोणी आणि कसे. मुलांना हे आलं नाही तर मी मार्क कापतो. आणि स्वतःच्या आतेभावाच्या वेळी मला ते सुचलं नाही. का सुचलं नाही तेही सांगतो. तू पहिल्यांदाच माझ्या विषयासाठी मला पत्र लिहिलंस, आणि मला रुबाब दाखवायची घाई झाली होती. डोळे मिटून निर्णय घे म्हणे. डोळे मिटून बसलो होतो मी.

आणि ताई, तो पाच. स्टेअरिंग धरताना माझे हात कापायचे म्हणूनच तू मला त्याच्याकडे बसवलंस ना? मला ते माहीत होतं. सबंध सुट्टीभर तो माझ्या शेजारी बसला, एकदाही आवाज चढवला नाही. चार वेळा नापास झालो तो मी, आणि त्या चारही खेपा मी त्याच्या नावावर मांडून त्याचं काम घालवलं. मला स्वतःची शरम वाटते.

त्याला परत बोलव. माझं हे पत्र त्याला वाचून दाखव, काही गाळू नको. लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही.

मास्तर

२ मार्च

चि. मास्तरास अ. आ.

स्वतःला इतकं जाळून घेऊ नकोस. आकड्यांच्या मागे लपले ती मी. तू नुसती भिंत बांधून दिलीस.

तुझं पत्र घेऊन मी त्याच्या खोलीवर गेले. तो आता इस्पितळांचे धुवायचे कपडे गोळा करणारी गाडी चालवतो. पत्र सगळं वाचून दाखवलं. तो चहा करत होता, पाठ माझ्याकडे. मी म्हटलं, एकच गाडी असली तरी सकाळी तू घे, संध्याकाळी फौजी घेईल. हे मला जानेवारीत सुचलं नाही याची मला लाज वाटते. फौजीला विचारलं होतं, तो लगेच कबूल झाला. उलट तोच म्हणाला की भित्री माणसं माझ्याकडे कधी का येत नाहीत, याचं मला नवल वाटायचं.

आणखी एक गोष्ट. तुझं पत्र वाचून मी मागची नावं पुन्हा चाळली. फौजीचे सात विद्यार्थी अर्ध्यातूनच सोडून गेले होते. परीक्षेला बसलेच नाहीत, म्हणून त्यांच्या खेपा मी तुला लिहिल्याच नाहीत. गोगलगायीचं एकही माणूस सोडून गेलेलं नाही. दहा वेळा नापास होऊन अकराव्यांदा बसायचं धाडस कुणाच्या जिवावर करतं माणूस, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्याने मला चहा दिला, पण येतो म्हणाला नाही. तुला स्वतः लिहीन म्हणाला. तू वाट बघ. माझ्यावर राग धरला असलास तरी पत्र टाकत जा.

ताई

६ मार्च

चि. मास्तर यांस अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, तरी लिहितो. ताईने तुझं पत्र वाचून दाखवलं. तू रडतोस बिडतोस की काय असं वाटलं. रडू नको, मी उपाशी नाही. धुण्याची गाडी बरी आहे, चादरी घाबरत नाहीत.

मी रागावलेलो नाही. पण एक सांगतो, मनात राहिलं तर कुजेल. तुझं कार्ड वाचलं तेव्हा मला ते पटलं. मला आधी अभिमान होता की माझ्याकडचं कोणी सोडून जात नाही. कार्ड वाचल्यावर वाटायला लागलं की मी त्यांना घाई करत नाही म्हणूनच ती शिकत नाहीत, मीच त्यांना लाडावून ठेवतो. महिनाभर हेच डोक्यात. अकरा खेपावाले आजोबा रस्त्यात भेटले, त्यांनी हात केला, तर मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. आता तू लिहितोस की हिशेब चुकला. मास्तर, पहिला हिशेब तूच केलास आणि दुसराही तूच. मला दोन्ही कळत नाहीत. मी कुठल्या पत्रावर विश्वास ठेवायचा?

म्हणून माझ्यापुरता मी एक मार्ग काढला आहे. शिवणवाल्या बाई माझा पत्ता काढून आल्या होत्या. मित्राच्या गाडीत मी त्यांना सुट्टीच्या दिवशी गोदामामागच्या मैदानात शिकवतो. येत्या गुरुवारी त्यांची परीक्षा आहे. पास झाल्या तर मी ताईकडे परत जाईन. नापास झाल्या तर तुझं पहिलं कार्ड खरं धरीन आणि धुण्याच्या गाडीवरच राहीन. हसू नको. तुला चोवीस चिठ्ठ्या लागल्या, मला एक पुरे.

वहिनीला नमस्कार सांग. चढावर हँडब्रेक लावतोस ना? विसरू नको. आहे ते प्रेम आहेच.

तुझा गोगलगाय

१६ मार्च

चि. मास्तरास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. एका परीक्षेवरून काहीच सिद्ध होत नाही, पास झाल्या तरी नाही आणि नापास झाल्या तरी नाही, हे त्याला गुरुवारच्या आधी समजावून सांग, असं तू तीनदा अधोरेखित करून लिहिलंस. मी सांगितलं नाही. आपण दोघांनी त्याला बरंच काही सांगून झालं आहे.

बाई नापास झाल्या. चढावर गाडी मागे गेली आणि त्यांनी स्टेअरिंग सोडून दिलं. मला संध्याकाळी कळलं. मनात म्हटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडते तर बाई दारात उभ्या, आणि तो खाली रस्त्यावर, वर न येता. बाईंनी त्याला ओढून आणलं होतं. डोळे सुजलेले, पण त्यांचं एकच म्हणणं, पुढची तारीख कधीची आहे. मित्राच्या गाडीला शिकवणाऱ्याकडे दुसरा ब्रेक नाही, चढावर त्यांना भीती वाटते, तेव्हा स्कूलची गाडी मिळेल का. मी खाली गेले. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पैज मी हरलो आहे, तेव्हा मी कामावर परत येत नाही, असं त्याने आधीच बजावलं. फक्त या बाई पास होईपर्यंत सकाळची गाडी हवी, त्या पास झाल्या की किल्ली आणून देतो, असं म्हणाला. मी माफी मागायला लागले तर त्याने ऐकून घेतलं आणि किल्लीसाठी हात पुढे केला. मी किल्ली दिली.

तेव्हापासून रोज सकाळी गाडी खालून निघते आणि मी खिडकीत उभी असते. बाईंना लायसन्स लवकर मिळायला हवं, घरी आजारी नवरा वाट बघतोय, हे मला समजतं. तुला खरं सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. गाडी वळणावर दिसेनाशी झाली की माझ्या मनात रोज हेच येतं की देवा, ह्या बाई अजून दहा वेळा नापास होऊ देत.

कसं का असेना, मला विसरू नकोस.

तुझी ताई